‘ला इस्ला मिनिमा’चे मराठी सबटायटल आणि प्रेक्षकांची मतं : प्रकल्प नोंदी

2 जून 2024, रविवार, चिपळूण

आजपासून वही सुरू. प्रदर्शनाची परवानगी हातात आली आहे, सभागृहाचं भाडंही ठरलं. काम दोन भागांत आहे. आल्बेर्तो रोद्रीगेस या सेवियाच्या दिग्दर्शकाचा ‘ला इस्ला मिनिमा’ (2014) हा स्पॅनिश चित्रपट थेट स्पॅनिशमधून मराठी सबटायटलसह दाखवायचा, आणि प्रत्येक खेळानंतर लोकांना बोलतं करून त्यांची मतं शब्दशः टिपून ठेवायची. तीन खेळ, तीन वेगळे प्रेक्षक.

हाच चित्रपट का, ते आत्ताच लिहून ठेवते. आठ वर्षांपूर्वी पुण्यात स्पॅनिश शिकत असताना मी तो पहिल्यांदा पाहिला आणि संपल्यावर बराच वेळ जागची उठलेच नाही. 1980 चा सप्टेंबर. ग्वादाल्किविर नदीच्या मुखाकडची दलदल, भाताची कापणी जवळ आलेली. गावच्या जत्रेतून कार्मेन आणि एस्त्रेया या दोन किशोरवयीन बहिणी गायब होतात. माद्रिदहून दोन पोलीस येतात. पेद्रो तरुण आहे. एका सेनाधिकाऱ्यावर टीका करणारं पत्र वर्तमानपत्रात छापून आणल्यामुळे त्याला शिक्षा म्हणून इतक्या लांब धाडलंय. जुआन वयाने मोठा, खाण्यापिण्यात रमणारा, लोकांत पटकन मिसळणारा. एवढं सांगितलं की लोक रहस्यपट समजून येतील, आणि तो रहस्यपट आहेच. पण खून कुणी केला हा त्यातला धाकटा प्रश्न आहे.

नोंदींत पुढे सगळं उघड लिहिणार आहे. शेवट लपवून या चित्रपटाविषयी काही बोलताच येत नाही.

8 जून, शनिवार

पहिली 40 मिनिटं उतरवून झाली. अंदाजापेक्षा दुप्पट वेळ लागला. चित्रपट घडतो त्या आंदालुसियाचे, म्हणजे दक्षिण स्पेनचे, लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतात, दोन स्वरांमधला ‘द’ गाळतात. वर्गात शिकलेली स्पॅनिश इथे अर्धीच कामाला येते. एकेक वाक्य दहा-दहा वेळा ऐकलं. आपल्याकडे पुस्तकी मराठीवर वाढलेल्या माणसाला खाडीकाठची बोली पहिल्यांदा ऐकताना जे होतं, तेच.

‘मारिस्मा’ या शब्दाने मात्र अजिबात त्रास दिला नाही. शब्दकोशात ‘दलदल’ मिळतं, पण दलदल म्हणजे नुसता चिखल. भरतीचं खारं पाणी जिथे आत शिरतं, बांध घालून जिथे भात काढतात, जिथे चिंबोऱ्या आणि पाणपक्षी असतात, त्या जमिनीला आपल्याकडे खाजण म्हणतात. तोच शब्द घेतला. दाभोळच्या खाडीत नाहीतर गोव्यात ज्याने खाजण पाहिलंय, त्याला पहिल्याच दृश्यात आपण कुठे आहोत ते कळेल.

नावाचा प्रश्न राहिलाय. त्या मुखाजवळ तीन जागा आहेत : इस्ला मायोर, इस्ला मेनोर आणि इस्ला मिनिमा. थोरलं बेट, धाकटं बेट आणि सगळ्यांत लहान, म्हणजे शेंडेफळ. ‘शेंडेफळ बेट’ मला फार आवडलं, पण त्यात लाड आहे आणि चित्रपटात लाड कुठेच नाही. फलकावर मूळ नावच ठेवलंय, खाली ‘खाजण’.

(इस्ला मायोर हे आज स्पेनमधल्या भातशेतीचं मोठं गाव आहे. 2000 सालापर्यंत त्याचं नाव होतं वियाफ्रांको देल ग्वादाल्किविर. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको मेल्यावर पंचवीस वर्षं त्याचं नाव गावाच्या पाटीवर होतं. हे खेळाआधी सांगायचं की नंतर, ते ठरवायचंय.)

15 जून, शनिवार

‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये सगळे संवाद बसवले. एका वेळी दोनच ओळी पडद्यावर येऊ द्यायच्या, आणि वाचायला पुरेसा वेळ द्यायचा, असा नियम केला. मराठीत क्रियापद शेवटी येतं. माणूस पडद्यावर बोलून मोकळा होतो आणि आपलं ‘नाही’ अजून पुढच्या ओळीत असतं. चौकशीच्या दृश्यांत हे घातक ठरतं, म्हणून नकार शक्य तिथे पुढे ओढला. “पाहिलं नाही मी तिला” असं.

तू की तुम्ही? पेद्रो आणि जुआन समान हुद्द्याचे, पण जुआन वयाने मोठा. मराठी कानाला पेद्रोने त्याला सुरुवातीला ‘तुम्ही’ म्हणणं बरोबर वाटतं. शेवटच्या पावसातल्या झटापटीत जुआन खुन्याला भोसकतो आणि पेद्रोचा जीव वाचवतो. तिथून पुढे ‘तू’ केलं. वाचून पाहिलं तर फार छान वाटलं.

16 जून, रविवार

प्लेयरमध्ये जोडाक्षरं फुटतायत. ‘क्र’ आणि ‘र्य’ वेगळे पडतात. फाँट बदलला, मग ओळी लांबल्या. शेवटी सबटायटल चित्रातच उमटवून घेतले. संपूर्ण दिवस त्यातच गेला.

22 जून, शनिवार

पहिला खेळ. पाऊस असूनही पंचविसेक जण आले. निवृत्त शिक्षक, दोन डॉक्टर, एक निवृत्त पोलीस उपनिरीक्षक, बँकेतले, त्यांच्या घरच्या बायका, चार-पाच तरुण.

पहिल्या मिनिटालाच सभागृह गप्प झालं. सुरुवातीला खाजण थेट वरून दिसतं. पाण्याच्या वाटा एकातून दुसरी फुटत जातात, मेंदूच्या घड्यांसारख्या. हेक्तोर गारीदो या छायाचित्रकाराने दोन्याना या तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसराची विमानातून काढलेली छायाचित्रं त्यामागे आहेत. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, “हे शरीराच्या आतलं काहीतरी आहे.” ते डॉक्टरच निघाले.

आता मतं, जशी आली तशी.

उपनिरीक्षक काका पहिल्यांदा बोलले आणि सगळ्यांत जास्त वेळ बोलले. त्यांच्या मते तपास खरा वाटतो, कारण निम्मा वेळ वाट बघण्यात आणि लोक गप्प बसण्यात जातो. “गावात खून झाला की पहिली चार दिवस सगळे आंधळे असतात.” जुआन हात उचलतो आणि माहिती मिळते, यावर ते थोडं थांबले, मग म्हणाले, “पेद्रोला ते पसंत नाही असं तोंडावर दिसतं. पण मिळालेली माहिती वापरायची तो सोडत नाही. हे ज्याने लिहिलंय त्याने ठाणं आतून पाहिलंय.” पटकथा रोद्रीगेस आणि राफाएल कोबोस या दोघांची आहे हे मी सांगितलं.

एका शिक्षिकेची तक्रार होती की पहिली वीस मिनिटं कोण कुणाचं ते कळतच नाही. रास्त आहे. गावातली नावं एकदम अंगावर येतात. पुढच्या खेळाला एक छोटा कागद वाटायला हवा.

तरुणांचं म्हणणं एकच, ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ची नक्कल आहे. दोन न जुळणारे पोलीस, दलदल, मारलेल्या मुली, सगळं तेच. या आरोपाचं उत्तर तारखांनी देता येतं. ती अमेरिकन मालिका जानेवारी 2014 मध्ये दिसायला लागली, आणि ‘ला इस्ला मिनिमा’चं चित्रीकरण 2013 मध्येच झालं होतं. रोद्रीगेस आणि छायालेखक आलेक्स कातालान यांना बीज मिळालं ते आतीन आया या सेवियाच्या छायाचित्रकाराच्या प्रदर्शनातून. त्याने या खाजणातल्या माणसांचे चेहरे टिपले होते. यंत्रं आल्यावर ज्यांचं जगणं संपत चाललं होतं, अशी माणसं. हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, “म्हणजे आधी चेहरे, मग गोष्ट.” त्याच्या पानावर मी खूण केली. एक योगायोगही सांगितला : ग्वादाल्किविरच्या भातशेतात आज जे लाल गोड्या पाण्यातले झिंगे सापडतात ते 1974 मध्ये अमेरिकेच्या लुइझियानातून आणून सोडलेले आहेत. ती मालिका त्याच लुइझियानात घडते. दोन दलदलींचं नातं आहे, पण ते झिंग्यांचं.

भात पाहून सगळेच चकित. “स्पेनमध्ये भात?” कुणाला पाएया हा तिथला भाताचा पदार्थ आठवला. गुहागरकडचे एक गृहस्थ बांध शोधत बसले होते. एवढं सपाट आणि एवढं मोठं शेत एका मालकाचं कसं, हा त्यांचा प्रश्न. चित्रपटात कापणीच्या तोंडावर मजुरीसाठी संप चालू आहे, तो धागा बाकी कुणी धरला नव्हता. त्यांनीच धरला. “मुली मेल्यात याचं वरच्यांना दुःख नाही, कापणी अडू नये याची घाई आहे,” हे त्यांचं वाक्य.

बायकांमध्ये बोलणं आईकडे, रोसियोकडे वळलं. नेरेआ बार्रोसने ती उभी केलीये. नवऱ्याच्या नकळत ती पोलिसांच्या हाती अर्धवट जळलेल्या निगेटिव्ह देते. एक बाई म्हणाल्या, तपास खरं तर तिनेच केला, बाकीचे नुसते गाडीतून फिरले. दुसऱ्या म्हणाल्या, तिला अजून चार वाक्यं तरी द्यायची होती. दोन्ही मतं मला पटतात.

आणि शेवट. जवळजवळ सगळे म्हणाले की शेवट गोड झाला. “सुरुवातीला पटत नव्हतं, शेवटी मित्र झाले.” “जुआन तोंडाने फाटका, पण माणूस चांगला.”

मी काही बोलले नाही. घरी येईपर्यंत अस्वस्थ होते.

23 जून, रविवार

काल लोकांनी भरून दिलेली पानं वाचली. ‘शेवटी दोघांची मैत्री’ अशा अर्थाचं निम्म्याहून अधिक पानांवर आहे.

शेवट असा आहे : खुनी मेला. गावात पोलिसांचं कौतुक चाललंय. एक पत्रकार पेद्रोला बाजूला घेऊन सांगतो की जुआन फ्रँकोच्या राजकीय पोलिसांतला होता, छळ करणारा. हातात फोटो ठेवतो. निदर्शनात एका मुलीवर गोळी झाडणारा जुआन त्यात आहे. जुआनने ती गोष्ट आधी वेगळ्या तऱ्हेने सांगितलेली असते. पेद्रो फोटो फाडतो. मग दोघं निघतात, आणि जुआन विचारतो, “तोदो एन ओर्देन, नो?” पेद्रो उत्तर देत नाही.

माझं सबटायटल काय होतं? “सगळं ठीक आहे ना?”

मराठीत आपण असं आजारी माणसाला विचारतो, माहेरी आलेल्या मुलीला विचारतो. त्या एका वाक्यात काळजी आहे. त्याच्या आधी दहा मिनिटं मी दोघांना ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आणलंय. जीव वाचवला, जवळीक आली, आता काळजीने विचारतोय. लोकांनी जे वाचलं तेच सांगितलं. जुआनला माफ मी करून टाकलं होतं, तेही चित्रपटाला न विचारता.

29 जून, शनिवार

आठवडाभर दोन गोष्टींवर होते. एक, शेवटचं वाक्य. दोन, खेळाआधी किती इतिहास सांगायचा.

काल उपनिरीक्षक काकांकडे चहाला गेले. त्यांना ‘ओर्देन’चे अर्थ सांगितले : क्रम, शिस्त, हुकूम, आणि ‘सुव्यवस्था’मधली व्यवस्था. हुकूमशाहीचा आवडता शब्द. ते लगेच म्हणाले, “आलबेल! रात्रपाळीचा पहारेकरी ओरडतो तसं. सब आलबेल.” शब्द ऐकून मी खुर्चीतून उठलेच. पहाऱ्याचा, तुरुंगाचा, वर्दीचा वास त्याला आहे. मग स्वतःच म्हणाले, “पण आताची पोरं आलबेल टोमणा मारायला वापरतात.” तेही खरं. जुआन टोमणा मारत नाहीये. त्याला खरंच उत्तर हवंय.

निघताना त्यांनी विचारलं, असा पोलीस तिथे खरा होता का? यावर माझ्याकडे टिपणं आहेत, ती इथे लिहिते, पुढच्या खेळाला लागतील.

फ्रँको 20 नोव्हेंबर 1975 ला मरण पावला. ऑक्टोबर 1977 मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा आला. राजकीय कैदी सुटले, आणि त्याच कायद्याने हुकूमशाहीच्या काळात अत्याचार करणारे अधिकारीही खटल्यांपासून सुटले. डिसेंबर 1978 मध्ये नवी राज्यघटना सार्वमताने मंजूर झाली. पोलीस दलातली माणसं मात्र बऱ्याच अंशी तीच राहिली. चित्रपट सप्टेंबर 1980 मध्ये घडतो. त्यानंतर पाचच महिन्यांनी, 23 फेब्रुवारी 1981 ला, लेफ्टनंट कर्नल तेहेरो पिस्तूल घेऊन संसदेत शिरला आणि बंडाचा प्रयत्न झाला. पडद्यावरच्या कुणालाच ते अजून माहीत नाही. स्पेनमधल्या प्रेक्षकाला माहीत आहे, म्हणून तो पहिल्यापासून धास्तावलेला असतो. पोलीस ज्या खोलीत उतरतात तिथल्या क्रूसाभोवती हिटलर आणि फ्रँकोचे फोटो लावलेले आहेत. पेद्रो तो क्रूस काढून ठेवतो. आमच्या पहिल्या खेळात ते दृश्य बहुतेकांच्या नजरेतून निसटलं.

आणि खरा माणूस : आंतोनियो गोन्सालेस पाचेको, टोपणनाव ‘बिली एल निन्यो’. राजकीय पोलिसांतला निरीक्षक. त्याने छळ केल्याचे जबाब अनेकांनी दिले. अर्जेंटिनातल्या न्यायाधीश मारिया सेर्विनी यांनी 2013 मध्ये त्याला ताब्यात मागितलं. स्पेनच्या न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये नकार दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘ला इस्ला मिनिमा’ प्रदर्शित झाला. गोन्सालेस पाचेको मे 2020 मध्ये करोनाने गेला. पोलीस सेवेची पदकं आणि त्यांमुळे वाढलेलं निवृत्तिवेतन शेवटपर्यंत त्याच्याकडे होतं. लोकशाही आल्यावर या छळाबद्दल त्याच्यावर खटला उभा राहिला नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ बाहेर बघत बसले. म्हणाले, “फोटो फाडायला नको होता त्याने.” पहिल्या खेळाच्या रात्री ते असं म्हणाले नव्हते.

7 जुलै, रविवार

लावणी सुरू. अर्धी माणसं शेतात. खेळ पुढे ढकलला. दरम्यान पात्रांच्या नावांचा कागद तयार केला, एका पानात बसवला. ‘तुम्ही’ सगळीकडून काढलं, पहिल्यापासून ‘तू’. समान हुद्द्याचे दोन पोलीस, एका गाडीत, एकमेकांना न आवडणारे. ‘तू’मध्ये तुच्छतासुद्धा चालते, हे मी विसरले होते.

20 जुलै, शनिवार

दुसरा खेळ, महाविद्यालयातली मुलंमुली. तीसेक जण, ओल्या छत्र्यांचा ढीग दारात.

इतिहासाची पाच मिनिटं आधी सांगितली, बिली एल निन्योविषयी काही सांगितलं नाही. शेवटच्या ओळीला या वेळी “सगळं आलबेल ना?” ठेवून पाहिलं. दोन-तीन जण हसले. काका म्हणाले होते तसंच झालं. ते हसू त्या जागी ऐकवलं नाही.

बाकी चर्चा पहिल्या खेळापेक्षा फार वेगळी. मुलींनी थेट विषय काढला की कार्मेन आणि एस्त्रेयाला गाव सोडायचं होतं. किनी हा देखणा मुलगा किनाऱ्यावरच्या हॉटेलांतल्या नोकरीचं आमिष दाखवून मुलींना जाळ्यात ओढतो. एक मुलगी म्हणाली, “त्यांचं चुकलं असं गाव म्हणतं. त्यांनी नोकरी मागितली, एवढंच.” दुसरीचा आक्षेप कॅमेऱ्यावर होता. मेलेल्या मुलींची शरीरं दिसतात, पण जिवंत असताना त्या कशा बोलायच्या, कशावर हसायच्या ते आपल्याला कधी कळत नाही. यावर एक मुलगा म्हणाला की पोलिसांनाही ते कळत नाही, चित्रपट त्यांच्याच नजरेने चाललाय. ती म्हणाली, “मग दिग्दर्शकाने नजर बदलायची.” वाद मिटला नाही. मला ती बरोबर वाटते. हा चित्रपट मला कितीही प्रिय असला तरी इथे तो उणा पडतो, आणि हे मत मी नोंदींत सर्वांत वर ठेवणार आहे.

पैसेवाला माणूस, कोरालेस, सुटतो यावर सगळ्यांचा राग. “मोठा मासा गेला, चाकर मेला.” ही तक्रार मी पहिल्या खेळालाही ऐकली होती. पण तिथे ती पटकथेतली चूक म्हणून आली होती. इथे एकाने विचारलं, “तो पकडला गेला असता तर आपण खूश होऊन घरी गेलो असतो ना?”

अभिनयावर एकमत. हावियेर गुतिएरेसने जुआन असा केलाय की त्याच्या हसण्याने आपण फसतो. त्याला सान सेबास्तियानच्या महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं, मग 2015 च्या गोया या स्पॅनिश चित्रपट पुरस्कारांतही. त्याच गटात पेद्रो करणारा राउल आरेवालोही होता. चित्रपटाला तेव्हा एकूण 10 गोया मिळाले. मुलांना पुरस्कारांत फार रस नव्हता, त्यांना रात्रीच्या पाठलागाविषयी बोलायचं होतं. अंधारी कच्ची वाट, पुढच्या गाडीचे दिवे, धूळ आणि काहीच हाती न लागणं. दोघांनी मोबाइलवर त्या वाटेचा नकाशा काढून दाखवला.

आणि पाणी. शेवटची झटापट मुसळधार पावसात, खाजणातल्या कालव्यांमध्ये होते. सभागृहात त्या दहा मिनिटांत कुणी हललं नाही. परवा 22 जुलैला चिपळूणच्या 2021 मधल्या पुराला तीन वर्षं होतील. या मुलांपैकी कित्येकांनी ती रात्र पोटमाळ्यावर काढली आहे. दिवे लागल्यावर पहिल्या रांगेतली मुलगी इतकंच म्हणाली, “चिखलात पाय रुततो तेव्हा असंच होतं, धावताच येत नाही.” तिच्या पानावर बाकी काही लिहिलेलं नाही.

21 जुलै, रविवार

सकाळी पानं लावत होते. फोटो फाडण्याविषयी तीन तऱ्हेची उत्तरं आहेत.

काही म्हणतात, पेद्रोने बरोबर केलं. ज्याने जीव वाचवला त्याला कसं पकडून देणार? काही म्हणतात, तो भित्रा आहे. माद्रिदला बायको गरोदर, बदली परत हवी, तपास यशस्वी झालाय, आता चिखल कशाला ढवळा. आणि दोन पानांवर असं की पेद्रोने फोटो फाडला त्या क्षणी तो जुआन झाला. त्यातलं एक अक्षर ओळखीचं, नकाशा काढणाऱ्या मुलाचं.

एका पानावर आजोबांचा हवाला आहे : आमच्याकडे आणीबाणीत ज्यांनी लोकांना मारलं, ते नंतर कुठे गेले, आजोबांना विचारणार. फ्रँको गेला तो नोव्हेंबर 1975 आपल्याकडे आणीबाणीतलाच. मला हे सुचलं नव्हतं. मी तुलना करणार नाही, ते दोन देश वेगळे आणि काळही वेगळ्या तऱ्हेचे. पण प्रश्न त्या मुलाचा आहे, आणि तो त्याने घरी विचारावा.

जर्मनांनी हीच कथा घेऊन 2019 मध्ये ‘फ्रायेस लांड’ केला, 1992 मधल्या पूर्व जर्मनीत, एकीकरणानंतर लगेचच्या दिवसांत. तिथेही जुन्या राजवटीतला पोलीस नव्या राजवटीत कामावर. हे पुढच्या खेळाला सांगायचं.

दुपारी शेवटच्या ओळीवर पुन्हा बसले. ठीक, बरं, आलबेल, सुरळीत, जागच्या जागी. भाजी निवडता निवडता आईला वाचून दाखवत होते. ती म्हणाली, “अगं, पंगत उठल्यावर यजमान विचारतो ना, सगळं व्यवस्थित झालं ना? तसं विचारतोय का तो?”

व्यवस्थित. व्यवस्थेप्रमाणे. रोजचा, घरातला शब्द, आणि पोटात ‘व्यवस्था’. स्पॅनिश ओळीत जसा ‘ओर्देन’ लपलाय तसाच. ‘झालं’ काढलं, क्रियापद नको, मूळातही नाही. स्वल्पविराम ठेवला :

सगळं व्यवस्थित, ना?

3 ऑगस्ट, शनिवार

तिसरा खेळ खाडीपलीकडच्या गावात, शाळेच्या मोठ्या वर्गात. लावणी उरकलेली. चाळीसच्या वर माणसं, निम्म्या बायका. वाचायला ज्यांना वेळ लागतो त्यांच्या शेजारी मुलं बसवली होती, ती हलक्या आवाजात वाचून दाखवत होती. त्यामुळे संपूर्ण चित्रपटभर वर्गात एक कुजबुज चालू होती, आणि ती या चित्रपटाला शोभली. त्यातल्या गावातही सगळं कुजबुजतच चालतं.

इथल्या मतांत तपासाला फार जागा नव्हती. लोकांनी भात पाहिला, होड्या पाहिल्या, चोरून शिकार करणारा माणूस ओळखला. नदीकाठी मासे साफ करणारी बाई जुआनला सांगते की मेलेली माणसं तुझी वाट बघतायत. पहिल्या दोन्ही खेळांत ते दृश्य विचित्र म्हणून बाजूला पडलं होतं. इथे एका आजींनी त्यावरच बोट ठेवलं. “तिला तो कोण आहे ते कळलं. पोलिसाला शेवटी कळलं, तिला आधी.” त्यांच्या लेखी जुआन लघवीतून रक्त जातंय म्हणून मरणार नव्हता, त्याच्यामागे माणसं लागली होती.

एका मच्छीमाराने विचारलं की मुलींच्या बापाने होड्यांतून माल चोरला, त्याचं पुढे काय झालं? त्यावरून दहा मिनिटं वाद. गावात पैसा आला की कुठून आला ते सगळ्यांना माहीत असतं, यावर मात्र सगळे एक झाले.

शेवटी फोटो फाटला. गाडी निघाली. ओळ आली. सगळं व्यवस्थित, ना? वाचून दाखवणाऱ्या मुलांपैकी एकाने ती जरा मोठ्यांदा वाचली, आणि वर्गात कुणी काही बोललं नाही. मग मागून एक बाई, स्वतःशीच : “नाही रे बाबा.”

दिवे लागल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला, शेवट कसा वाटला. या वेळी ‘मित्र झाले’ असं एकही मत नाही. बरेच जण म्हणाले, शेवट अर्धवट राहिला. काय अर्धवट राहिलं असं विचारल्यावर त्याच आजी म्हणाल्या, “त्या पोलिसाने गोळी घातली त्या मुलीचं नाव काय होतं?”

मी सांगू शकले नाही. माझ्या नावांच्या कागदावर ती नाही.

4 ऑगस्ट, रविवार

फाइल अंतिम केली. बदल तीन : पहिल्यापासून ‘तू’, शेवटची ओळ, आणि ज्या ज्या ठिकाणी मूळात नाव होतं आणि मी जागा वाचवायला ‘त्या मुली’ केलं होतं तिथे पुन्हा कार्मेन, पुन्हा एस्त्रेया. काही ओळी त्यामुळे दोन-तीन अक्षरांनी लांबल्या, वेळ थोडा वाढवून दिला.

नावांच्या कागदावर शेवटी एक रिकामी ओळ ठेवली आहे, ‘निदर्शनात मारली गेलेली मुलगी’ असं लिहून. उपनिरीक्षक काकांना नवी प्रत हवी आहे, पेनड्राइव्ह उद्या सकाळी देऊन येईन.